लेबल झाकणावर नको, अंगावर: पाच कॅलिबरच्या काडतूस-भरणीचं सामान कसं लावावं

‘नऊ एमएम’ म्हटलं की बेळगावात निम्म्या लोकांना आपल्याला कळलं असं वाटतं. इथं घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादा मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेला माणूस असतो, त्यामुळं काडतुसांची नावं कानावरून गेलेली असतात. पण टेबलावर तीन पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचं, शेजारीशेजारी उभ्या करा. एक ९ एमएम लुगरची, लांबी १९.१५ मिलिमीटर. दुसरी .३८० ऑटोची, १७.३ मिलिमीटर. तिसरी मकारोवची, १८ मिलिमीटरच्या आसपास. तिन्ही पितळी, तिन्ही बुटक्या, तिन्हींना लोक ‘नऊ’ म्हणतात. पहिल्या दोन्हींत ९.०१ मिलिमीटरची गोळी बसते, मकारोवमध्ये ९.२७ ची. हातभर अंतरावरून ओळखून दाखवा म्हटलं तर मुरलेला माणूसही चष्मा शोधेल.

पुढं आणखी गंमत आहे. .३८ स्पेशलची गोळी .३८ इंचाची नसतेच, ती .३५७ इंच असते. नाव पडलं ते जुन्या काळी पुंगळीच्या बाहेरच्या मापावरून, आणि मग तेच चिकटलं. .२२३ रेमिंग्टनची गोळी .२२४. बारा बोर तर इंचातही नाही, मिलिमीटरातही नाही: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास येईल तो बारा बोर, म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर. वीस भाग केले की वीस बोर, १५.६ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या हायड्रॉलिकच्या फिटरांना हे सांगावं लागत नाही. अर्ध्या इंची बीएसपीच्या (पाइपच्या) आट्यांवर व्हर्नियर लावला की जवळजवळ २१ मिलिमीटर दाखवतो, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात पाहिलेलं असतं.

तर विषय असा: अमेरिकेत बरेच नेमबाज आणि शिकारी वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. त्याला रीलोडिंग म्हणतात. एका कॅलिबरचं, म्हणजे काडतुसाच्या एका मापाचं, सामान असेपर्यंत सगळं सोपं. तीन-चार-पाच झाली की गॅरेजमध्ये गोंधळ सुरू होतो, आणि हा गोंधळ नुसता पाना सापडत नाही एवढ्यावर थांबणारा नाही.

आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण खानापूर तालुक्यात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोर बाळगणारे शेतकरी आहेत आणि त्यांच्यापर्यंत हा लेख पोचेलच. गवा आणि रानडुक्कर शेतात येतो म्हणून बंदुकीचा परवाना मिळाला, म्हणजे घरी काडतूस भरायचा परवाना मिळाला असं नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणं काडतूस बनवायलाही वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. तिथलं तिथं. हा लेख समजून घेण्यासाठी आहे, आणि ज्यांची मुलं-भाऊ तिकडं आहेत त्यांच्यासाठी आहे.

मला यात नाक खुपसायचं कारण म्हणजे माझा आतेभाऊ. तो टेक्सासात संगणकाच्या नोकरीत आहे, आणि मी इथं एका कारखान्याचं टूल स्टोअर बघतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर गॅरेज दाखवलं. भिंतभर ड्रॉवर, प्रत्येकावर रंगीत पट्टी. “दादा, सगळं जाग्यावर आहे, पण सापडत काही नाही.” एका ड्रॉवरमध्ये सगळ्या डाय (पुंगळीला मापावर आणणारे पोलादी साचे), दुसऱ्यात सगळे शेल होल्डर (तिचं बूड धरणारे तुकडे), तिसऱ्यात सगळे गेज (माप तपासायची साधनं). दिसायला फार सुरेख. आमच्या स्टोअरमध्ये नवीन आलेला पोरगाही पहिल्या आठवड्यात असंच लावतो: जातीला जात. आटे पाडायचे टॅप टॅपमध्ये, भोक मापात आणायचे रीमर रीमरमध्ये. आणि मग एका जॉबसाठी माणूस सहा ड्रॉवर उघडतो, पाच बरोबर वस्तू उचलतो आणि सहावी शेजारच्या मापाची.

सामान काय काय असतं ते बघू, म्हणजे पुढचं कळेल. काडतुसाचे चार भाग: पितळी पुंगळी, तिच्या बुडातली टिकली म्हणजे प्रायमर, आतली पावडर आणि वर बसवलेली गोळी. बार उडाला की गोळी गेली, पावडर जळाली, प्रायमर ठोकला गेला. उरते पुंगळी, आणि सगळ्यात महाग भाग बहुधा तोच. ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त असं ते पितळ. दाबानं फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं, वायू मागं येऊ देत नाही, आणि दाब उतरला की जरा आक्रसतं म्हणून बाहेर निघतं. पण पूर्वीच्या मापावर येत नाही. मग प्रेसमध्ये, म्हणजे दांडा ओढून दाब देणाऱ्या यंत्रात, डाय लावून पुंगळीला मापावर आणायचं, जुना प्रायमर ठोकून काढायचा, नवा बसवायचा, पावडर मोजून घालायची, गोळी दाबून बसवायची. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला साधारण तीन डाय, रायफलच्या बारीक मान असलेल्या पुंगळीला दोन. एवढंच. .२२ ची बारीक काडतुसं यात धरू नका; त्यांचा प्रायमर वेगळा नसतो, बुडाच्या कडेतच मसाला असतो, ती पुन्हा भरण्यातली नव्हेत.

आता यातलं कॅलिबरनिहाय बदलतं काय? प्रेस बदलत नाही. जवळजवळ सगळ्या डायना ७/८ इंच व्यासावर इंचाला १४ असे एकाच मापाचे आटे असतात, त्यामुळं कुठल्याही कंपनीची डाय कुठल्याही कंपनीच्या प्रेसमध्ये बसते. हे सोयीचं आहे आणि घात करणारंही तेच आहे: चुकीची डायसुद्धा तितक्याच झोकात बसते. काटा, पावडर मोजायचं माप, कॅलिपर, हेही सामाईक. बदलतात त्या डाय, शेल होल्डर, पुंगळीचं (केस) गेज, पुंगळी लांबीला कापायचं सामान. आणि अर्थात पुंगळ्या, गोळ्या, प्रायमर, पावडर.

म्हणून मी त्याला सांगितलं, ड्रॉवर मोड. कॅलिबरला एक पेटी कर. .३०८ च्या पेटीत .३०८ चं जे जे बदलतं ते सगळं: डाय, शेल होल्डर, गेज, आणि त्या सेटिंगची एक नमुना-पुंगळी, गोळी बसवलेली पण पावडर आणि प्रायमर नसलेली, बुडाला आरपार भोक पाडलेली. टेबलावर एका वेळी एकच पेटी उघडी. दुसरी उघडायची तर पहिली बंद करून फळीवर. सामाईक सामान टेबलावरच राहील. यासाठी शेल होल्डर दुबार घ्यावे लागले तर घ्यावेत. तो म्हणाला एकच होल्डर तीन कॅलिबरना चालतो, मग तीन कशाला घेऊ? कारण काही डॉलर वाचवायला माणूस दुसरी पेटी उघडतो, आणि उघडलेली पेटी उघडीच राहते.

शेल होल्डरवर जरा थांबू. हा सुपारीएवढा पोलादी तुकडा, पुंगळीचं बूड धरतो. त्यावर कंपनी एक आकडा कोरते. आरसीबीएस कंपनीचा ३ नंबर .३०८ ला चालतो, .२४३ ला, .३०-०६ ला, आणि .४५ ऑटो या पिस्तुलाच्या पुंगळीलासुद्धा, कारण या सगळ्यांचं बूड जवळपास सारखं आहे. तोच होल्डर ली कंपनीत २ नंबर, हॉर्नडीत १ नंबर. .२२३ चा होल्डर आरसीबीएसमध्ये १०, लीमध्ये ४, हॉर्नडीत १६. म्हणजे डब्यावर नुसतं ‘३ नंबर’ लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. लेबलवर तीन गोष्टी पाहिजेत: कंपनी, कंपनीचा नंबर, आणि आपण कशासाठी वापरतो ते. ‘आरसीबीएस ३, .३०८ साठी’. आमच्याकडं टॅपच्या खणावर नुसतं एम१० लिहिलेलं चालत नाही, एम१० बाय १.५ की १.२५ ते लिहावं लागतं. नाहीतर दोन आटे छान जातात आणि तिसऱ्याला टॅप अडकतो.

रंगांबद्दल. रीलोडिंगवाल्यांना रंग फार आवडतात: निळं म्हणजे नऊ एमएम, लाल म्हणजे .३५७. मला रंग दुय्यम वाटतात. रंगाला अर्थ तेव्हाच, जेव्हा तो सगळे पाळतात. बारा बोरच्या नळीत वीस बोरचं काडतूस चुकून टाकलं तर ते चेंबरमध्ये न थांबता पुढं सरकून नळीत अडकतं. माणसाला वाटतं बंदूक रिकामी आहे, तो मागून बारा बोर घालतो, आणि नळी फुटते. म्हणून अमेरिकेत वीस बोरची काडतुसं पिवळीच करायची असा कारखान्यांचा नेम आहे. हा रंग उपयोगाचा, कारण तो तुमच्या आमच्या मर्जीवर नाही. स्वतःच्या गॅरेजमधला निळा मात्र तुमच्या एकट्याच्या डोक्यात असतो. बायकोला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, आणि दोन वर्षांनी निळी टेप संपली की तुम्ही जांभळी लावता. शिवाय बऱ्याच पुरुषांना लाल-हिरव्यात नीट फरक करता येत नाही. अक्षर आधी, रंग नंतर.

आणि अक्षर कुठं? झाकणावर नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आणि लोक पुन्हा पुन्हा झाकणावर लावतात, कारण वरून वाचायला तिथंच सोपं पडतं. एकाच कंपनीच्या डायच्या डब्यांची झाकणं एकमेकांना बसतात. दोन डबे उघडे असले की बंद करताना अदलाबदल व्हायला एक फोन यायचा अवकाश. मग झाकण म्हणतं .३८ आणि आत .३८०. लेबल डब्याच्या अंगावर, आणि डायच्या स्वतःच्या अंगावर. डायवर कंपनीनं नाव कोरलेलं असतं, पण ते प्रेसमध्ये बसवल्यावर बहुधा मागच्या बाजूला जातं किंवा डाय जागेवर धरणाऱ्या लॉक रिंगखाली लपतं. वरच्या टोकाला रंगाच्या मार्करनं लिहावं, प्रेससमोर बसून दिसेल असं.

लिहायचं कशानं, यावर आमच्या स्टोअरचा अनुभव कामी आला. बिलाच्या मशीनसारखी उष्णतेवर छापणारी स्वस्त लेबलं नकोत. उन्हात अक्षर उडतं, तापलं की कागद काळवंडतो, आणि टेक्सासातलं गॅरेज उन्हाळ्यात बेळगावकराला सोसणार नाही इतकं तापतं. साधा स्केच पेन तेलाला पुसतो. रायफलच्या पुंगळ्यांना मापावर आणताना तेल किंवा मेण लावावंच लागतं, ते बोटांवरून सगळीकडं जातं. वर पारदर्शक थर असलेली लेबल-पट्टी टिकते. पोलादावर ऑइल पेंटचा मार्कर. इथं खानापूर-लोंढ्याकडं पावसाळ्यात कागदी लेबल चार दिवसांत सुटून खाली पडतं. पडलेलं लेबल उचलून अंदाजानं कुठंतरी चिकटवण्याचा मोह भयंकर असतो, म्हणून तेलकट जागा आधी स्पिरिटनं पुसून मगच चिकटवायचं.

लॉक रिंग म्हणजे डाय किती खोल जाईल ते धरून ठेवणारी चकती. एकदा सेटिंग बसलं की रिंग आवळावी आणि रिंग व डाय यांवरून मिळून एक सरळ पांढरी रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली, की कुणीतरी हलवलंय. तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. फिटर लोक महत्त्वाच्या बोल्टवर अशी रेघ ओढतात ती याचसाठी.

आता सगळ्यात धोक्याचं सामान: पावडर. डाय चुकली तर बहुधा पुंगळी चेंबते, हातालाच कळतं. पावडर चुकली तर काही कळत नाही, थेट बंदुकीत कळतं. बहुतेक पावडरी काळसर, काही बारीक नळकांड्यांच्या, काही चपट्या, काही गोल दाण्यांच्या. काही भरभर जळतात, पिस्तुलाच्या छोट्या नळीसाठी. काही सावकाश, रायफलसाठी. सावकाशीच्या मापानं भरभर जळणारी घातली तर दाब आवाक्याबाहेर जातो. आणि नावं? एच ४३५०, आयएमआर ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन निरनिराळ्या पावडरी आहेत, एकीचं माप दुसरीला चालवायचं नाही. आकडा ऐकून पावडर उचलणं म्हणजे येळ्ळुरात जाऊन “पाटलांचं घर कुठं” विचारणं. उलटही आहे: विंचेस्टर २९६ आणि हॉजडन एच ११० ही एकच पावडर, दोन नावांनी विकली जाते. डब्यावरचं नाव पूर्ण वाचायचं, अडनावासकट.

म्हणून पावडरीला लेबल लावायचं नाही असाच नियम करावा. म्हणजे ती मूळ डब्यातून हलवायचीच नाही, मग आपलं लेबल लागतच नाही. बरणीत ओतून वर सुंदर अक्षरात नाव लिहिणारे लोक आहेत. ते अक्षर कितीही सुंदर असो, त्यावर विश्वास का ठेवायचा? मापाच्या वरच्या पारदर्शक नळकांड्यात पावडर ओतली की तिचा डबा शेजारीच उभा करायचा, हाताला लागेल असा, आणि दुसरा एकही डबा टेबलावर नको. काम संपलं की नळकांडं रिकामं करून त्याच डब्यात परत. उद्या करू म्हणून ठेवलेली पावडर उद्या अनोळखी होते. ज्या पावडरीची खात्री नाही ती वापरायची नाही, वास घेऊन किंवा दाणा बघून ओळखायचा प्रयत्न तर अजिबात नाही. तिची विल्हेवाट लावायची.

तोलाचं एकक ग्रेन आहे, ग्रॅम नव्हे. ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन ०.०६४८ ग्रॅम. बटण दाबलं की काटा ग्रॅमवर जातो आणि आकडा तसाच हसरा दिसतो. भावानं काट्याच्या त्या बटणावर टेप मारली आणि वर ‘ग्रेन’ लिहिलं. मला वाटतं त्याच्या अख्ख्या गॅरेजमधलं सर्वांत किमती लेबल ते असावं.

प्रायमरचंही तसंच. लहान आणि मोठे, आणि दोन्हींत पिस्तुलाचे आणि रायफलचे वेगळे. लहान पिस्तूल आणि लहान रायफल यांची मापं सारखी, फक्त कपाच्या पत्र्याचा कणखरपणा वेगळा, म्हणजे डोळ्यांनी कळायचं नाही. कंपनीच्या खोक्यातच ठेवायचे, जिथं प्रत्येक प्रायमर आपापल्या कप्प्यात असतो. काचेच्या बरणीत ओतले आणि एक पेटला, तर सगळे एकदम पेटतात. सोयीपेक्षा इथं खोकं मोठं.

पुंगळ्या निवडायच्या तर बूड वाचायचं. कारखाना बुडावर शिक्का मारतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झालेल्या काडतुसांवर ‘केएफ’ असतं. त्यांची शक्तिमान नावाची बारा बोर काडतुसं वापरलेल्यांना ते परिचयाचं आहे. १८६९ पासूनचा कारखाना तो. अमेरिकन शिक्क्यात बहुधा कंपनी आणि कॅलिबर दोन्ही असतात. पण शिक्का जन्माचं सांगतो, नंतरचं नाही. .३०० ब्लॅकआउटची पुंगळी पुष्कळदा .२२३ चीच कापून, नवी मान घडवून केलेली असते, बुडावर अजून .२२३ च वाचायला मिळतं. आणि .३०० चं काडतूस .२२३ च्या रायफलीत कधीकधी बसतं, रायफलीचा मागचा बोल्टही बंद होतो. आत गोळी .३०८ ची, नळी .२२४ ची. रायफलीच्या चिंधड्या होतात. ज्याच्याकडं या दोन्ही आहेत त्यानं पेट्या एका फळीवरसुद्धा ठेवू नयेत असं माझं मत आहे, आणि रीलोडिंगवाल्यांत हे माझं एकट्याचं नाही.

.४५ ऑटोच्या पुंगळ्यांत आणखी एक चकवा: काहींच्या बुडात मोठा प्रायमर, काहींच्यात लहान. ढीग एकत्र असला की प्रेसचा दांडा मध्येच अडतो. त्यासाठी दोन डबे, आणि लेबलवर कॅलिबरसोबत प्रायमरचा आकार. पुंगळ्यांच्या डब्यावर अवस्थाही लिहावी: न धुतलेल्या, धुतलेल्या, मापावर आणलेल्या, प्रायमर बसवलेल्या. आमच्याकडं जॉबच्या क्रेटला लटकतं कार्ड असतं, कुठल्या ऑपरेशनपर्यंत आलाय ते लिहिलेलं, आणि कार्ड क्रेटबरोबर फिरतं. पुंगळ्यांच्या डब्याला पत्त्याएवढं एक कार्ड सुतळीनं बांधलं की काम झालं. किती वेळा भरली तेही त्यावरच, कारण पितळ प्रत्येक वेळी कडक होत जातं आणि शेवटी मानेशी चिरतं.

भरलेल्या काडतुसांच्या खोक्यावर मात्र कंजुषी नको. तारीख, कॅलिबर, गोळीची कंपनी आणि वजन, पावडरीचं पूर्ण नाव आणि ग्रेन, प्रायमर, पुंगळी कुणाची आणि कितव्यांदा, काडतुसाची एकूण लांबी, आणि कुठल्या रायफलीसाठी. शेवटचं लोक लिहीत नाहीत. दोन रायफली एकाच कॅलिबरच्या असल्या तरी एकीसाठी जुळवलेला भार दुसरीत जास्त दाबाचा ठरू शकतो. हाच मजकूर वहीत, एका क्रमांकाखाली. खोक्यावर तो क्रमांक. खोक्याचं लेबल भिजलं तर वही आहे, वही हरवली तर खोकं आहे.

भावाकडं अजून एक पत्र्याचा डबा उरलाय, सुटी भरलेली काडतुसं, कुठल्या दिवसाची, कुठल्या पावडरीची काही पत्ता नाही. एकेक रुपया-दोन रुपयाचा माल नाही तो, त्यामुळं टाकवत नाही. त्या डब्यावर मी एकच लेबल लावायला सांगितलंय, मोठ्या अक्षरात: ‘सोडवायची’. म्हणजे त्यांतली गोळी उपसून काढायची, पावडर वापरायची नाही, पुंगळी आणि गोळी कॅलिबरच्या पेटीत परत. काम कंटाळवाणं आहे, एका बैठकीत होणारं नाही. तोपर्यंत डब्याला कुलूप, आणि किल्ली नेमबाजीच्या रेंजवर न्यायच्या जुडग्यात नाही.